कोणाचा हेल तुमच्या कानात बसून राहिला? अनुभव सांगा

अजनीकर

काल संध्याकाळी भाच्याला सोडायला अजनी स्टेशनवर गेले होते. बाकावर शेजारी एक गृहस्थ फोनवर बोलत होते, बहुतेक बायकोशी. "जेवलंस काय गो? औषध घेतलंस मां?" एवढंच. आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भाचा विचारतोय, मावशी काय झालं? काय सांगणार त्याला.

१९९१. मी सतरा वर्षांची. बाबा दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात रात्री बायकांना थांबू देत नसत, म्हणून मी बाहेर जिन्यापाशी चटई टाकून बसायची. रात्रपाळीला एक सिस्टर होत्या, सावंतवाडीकडच्या. नवरा रेल्वेत, बदली होऊन नागपुरात आलेले. दुसऱ्या रात्री मी रडत होते तर त्या शेजारी येऊन बसल्या. "कित्या रडतंस गो? मी आसंय मां हयसर." मला 'कित्या' कळलं नाही, 'हयसर' कळलं नाही. फक्त तो 'गो' कळला. आपल्याकडे 'काहून वं' म्हणतात त्यात माया असते, पण घाईपण असते. त्यांचा 'गो' वाक्य संपल्यावरही जरासा मागे रेंगाळायचा, पाठीवरून हात फिरवल्यासारखा.

अकरा रात्री त्या होत्या. बाबा बरे झाले, पुढे वीस वर्षं जगले. त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही, सगळे सिस्टर म्हणायचे. तेव्हापासून कुठेही मालवणी कानावर पडली की माझे पाय थांबतात. मला तरी जगात त्याहून गोड बोलणं नाही.

तुमच्या कानात कोणाचा हेल बसलाय? गाव, भाषा, देश कुठलाही चालेल.

महालातला

हौ ताई. सकाळी सकाळी रडवलं तुम्ही.

तर्री_जास्त

आमच्या घरात कोल्हापूर आहे. लग्नानंतरचा पहिला आठवडा. ही बाजारातून आली आणि फाटकातूनच मोठ्याने, "आलो ओ मी!" आतल्या खोलीत माझी आजी पोळ्या लाटत होती. तिला वाटलं कोणी पुरुष माणूस आला. हात पुसून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि पाहते तर नवी नातसून पिशव्या घेऊन उभी. तिकडे बायका सर्रास 'मी आलो, मी जातो, मी करतो' म्हणतात हे आजीला कोणी सांगितलंच नव्हतं. पुढे आजीच्या शेवटच्या दिवसांत हीच उशाशी असायची आणि आजी विचारायची, "माझा 'आलो' कुठी गेला?" सोळा वर्षं झाली लग्नाला. मुलगी नागपुरातच जन्मली, पण ती पण 'मी जेवतो' म्हणते. ऐकलं की दिवसभराचा शीण जातो.

खापरीहून

दादा, मग घरी पांढरा रस्सा की सावजी?

तर्री_जास्त

दोन्ही. रविवार तिचा, बुधवार माझा.

संत्रानगरी_८४

मला उलटं सांगायचं आहे. आपला हेल कोणाला तरी आवडला त्याची गोष्ट.

२००९ ला पुण्यात पहिली नोकरी. मी "फाईल पाठवून राहिलो" म्हटलं की आजूबाजूची टेबलं हसायची. एकाने तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी नक्कल करून दाखवली, आणि वरिष्ठही हसले. त्यानंतर सहा महिने मी तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य दुरुस्त करायचो. 'राहिलो' काढायचा, 'तोय' लावायचा. तोवर बोलायची वेळ निघून जायची. घरी आई फोनवर म्हणायची, तुझा आवाज बारीक काहून झाला रे?

तिथेच साताऱ्याची एक मुलगी कामाला होती. एकदा सगळ्यांनी भेटायचं ठरलं, मला उशीर झाला, तिचा फोन आला कुठे आहेस. मी धावत होतो, वाक्य दुरुस्त करायला वेळच नव्हता. "येऊन राहिलो ना, स्वारगेटले बस लागली." पलीकडे शांतता. मला वाटलं झालं, आता ही पण हसणार. तर म्हणाली, "परत म्हण." नंतर सांगायची, 'येतोय' म्हणणारा माणूस अजून घरात चप्पल शोधत असतो, 'येऊन राहिलो' म्हणणारा मला रस्त्यावर चालताना दिसतो.

आता ती त्रिमूर्तीनगरात राहते, माझ्याच घरी. आणि कोणी विचारलं काय करून राहिली, तर तसंच उत्तर देते.

चहा_आणि_मेट्रो

साताऱ्याच्या वहिनींना नमस्कार सांगा 🙏 व्याकरणाच्या पुस्तकात टाकायला पाहिजे हे वाक्य.

निवृत्त_मास्तर

संत्रानगरी, तुमच्यावर हसणाऱ्यांना कोणी सांगायला हवं होतं. 'येऊन राहिलो' ही चूक नाही, वेगळी रचना आहे. हिंदीतला 'आ रहा हूँ' त्याच घडणीचा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरी, बाजार, शाळा सगळीकडे मराठी आणि हिंदी एका बाकावर बसल्या, तेव्हा एकीची सवय दुसरीला लागणारच. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या पाहणीचा मराठीचा खंड १९०५ मध्ये काढला, त्यातही आपल्याकडच्या बोलीची दखल आहे.

मला मात्र सर्वांत लोभस वाटतो तो 'ळ'चा प्रवास. आपण प्रमाण बोलीत 'सकाळी' म्हणतो. अकोला-अमरावतीकडे वऱ्हाडीत तो 'सकायी' होतो. भंडारा-गडचिरोलीच्या झाडीबोलीत 'सकारी'. एकाच एसटीत तिघं बसले तर तीन सकाळी उजाडतात. माझ्या वर्गात १९८० च्या सुमारास अशी मुलं असायची. मी त्यांना वाचताना 'ळ' म्हणायला शिकवलं, ते कामच होतं. पण बोलताना कधी टोकलं नाही. एक मुलगा 'फळा'ला 'फया' म्हणायचा. "गुरुजी, फया पुसू?" आजही फळा दिसला की तोच आवाज येतो.

झाडीतली_लेक

मास्तर तुमचे पाय कुठे आहेत. माझी आजी सकारीच म्हणायची!! दिवाळीनंतर वडसाकडची नाटकं सुरू झाली की रात्रभर घोंगडी घेऊन बसायची आम्ही. नागपुरात कॉलेजला आल्यावर दोन वर्षं मी 'सकारी' गिळून टाकलं. आता लेकीला मुद्दाम म्हणते, सकारी उठ.

पोळी_भाजी_डबा

भाजी टाकून राहिली, एका हाताने लिहिते. मी पुण्याची, सासर धंतोली. सासूबाईंचा हेल मला भारी आवडतो पण शब्दांनी पहिल्या महिन्यात घाम फोडला. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सांबार बारीक चिरून दे." मी डाळ-भाज्यांचं सांबार शोधतेय, चिरायचं कसं तेच कळेना. त्यांनी कोथिंबिरीची जुडी हातात दिली.

महालातला

सांबारवडीत सांबारच असते वहिनी, त्यात काय 😀

पोळी_भाजी_डबा

हो, आता मीच करते. पारीला थोडं बेसन घालता का हो कोणी? माझी फुटते तळताना.

झाडीतली_लेक

घालते मी, दोन चमचे. आणि सांबार धुतल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवायचं, ओल राहिली की फुटणारच.

शेवटचा_लोकल

हैदराबाद. नोकरीसाठी गेलो, कोणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारलं मेहदीपट्टणम चलोगे? तो म्हणाला, "हौ." आपल्यासारखाच, तोच खालचा सूर. सामान उचलायला लागलो तर "नक्को साब, मैं इच रखतूँ." 'नको' पण आपलं, 'च' पण आपलाच, दख्खनी हिंदीने मराठीतून घेतलेले. शेकडो किलोमीटर लांब येऊन चुलतभाऊ भेटल्यासारखं वाटलं. पाच वर्षं राहिलो. अजूनही कोणी हैदराबादी बोललं तर मी त्याच्याशी उगाच पत्ता विचारायच्या निमित्ताने बोलतो.

रातपाळी

मी कॉल सेंटरला होते तीन वर्षं. सुरुवातीला महिनाभर उच्चाराचं प्रशिक्षण. 'व्ही' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'डब्ल्यू'ला ओठांचा गोल. आरशासमोर बसवायचे. घरी आले की आई म्हणायची, तोंड काहून वाकडं करून राहिली?

पण मला आवडायचे ते अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लोक. अलाबामाकडच्या एक आजी बिलासाठी फोन करायच्या. 'टाइम' नाही म्हणायच्या, 'टाsम'. 'माइन' नाही, 'माsन'. शब्दाला कुठे जायची घाईच नाही, ओसरीत बसल्यासारखा. मला 'हनी' म्हणायच्या. एकदा बिलाचं काम दोन मिनिटांत झालं तरी बोलत राहिल्या, नवरा गेला त्याबद्दल. कॉल लांबला म्हणून मला बोलणी बसली. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. आजही पहाटे साडेतीनला जाग आली की त्यांचा तो 'टाsम' आठवतो.

चहा_आणि_मेट्रो

तू बरं केलंस न ठेवून दिला फोन.

प्रतापनगरची_आई

मुलगा ग्लासगोला शिकायला आहे. पहिला हिवाळा, तीन वाजता आभाळ काळोखायला लागायचं, पोट्टा एकदम गप्प झाला होता. व्हिडिओवर त्याच्या घरमालकीणबाई भेटल्या, सत्तरीच्या असतील. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळलं नाही, पण त्यांचा 'र' कळला. आपल्यासारखाच जिभेवर वाजणारा! लंडनवाल्या बातम्यांत तो शब्दाच्या शेवटी गायब होतो, यांचा खणखणीत. आणि स्कॉटलंडमध्ये 'हो'ला 'आय' म्हणतात. मी विचारलं, माझा मुलगा जेवतो ना? त्या म्हणाल्या, "आय." नीट झोपतो ना? "आय, आय." माझ्या आईला आम्ही आयच म्हणायचो, आर्वीजवळच्या खेड्यात. सात समुद्रापार एक बाई मला प्रत्येक प्रश्नाला आय म्हणून उत्तर देते आणि माझा जीव थंड होतो. आता मी त्यांना फोनवर रामराम म्हणते, त्या आय म्हणतात. तेवढं पुरतं आम्हाला.

खापरीहून

काकू 🙏🙏

गिट्टीखदान

आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा छत्तीसगडकडची मंडळी कामाला होती. माझी आई रोज विटा मोजायला जाऊन बसायची, खरं तर त्यांच्यातल्या एकीचं बोलणं ऐकायला. "बइठ ना दाई" म्हणायची ती आईला. घर झालं, ते लोक गेले. आई आठवडाभर उदास होती. जास्त लिहीत नाही, कूलरमध्ये पाणी भरायचं आहे.

महालातला

आत्तापासून कूलर?? फेब्रुवारी आहे बाप्पा.

गिट्टीखदान

वरच्या मजल्यावर राहून बघा एकदा.

संत्रानगरी_८४

कळमन्यात मृगाची संत्री आली का कोणी पाहिली?

निवृत्त_मास्तर

आलीत. परवा घेतली. अंबियापेक्षा यंदा गोड वाटली मला.
आणखी एक राहिलं. गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण मिळालं तर जरूर ऐका. बाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले, आवाज मात्र राहिला आहे. लोकांना एकामागून एक प्रश्न विचारतात, लोक एका सुरात उत्तर देतात, आणि सगळं त्या वऱ्हाडी ठसक्यात. माझ्या वडिलांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं. ते म्हणायचे, बाबांनी आपल्या बोलीतच झाडलं म्हणून गावं झाडली गेली.

मिहानातलो_कुडाळकर

अजनीकर ताई, तुमचां वाचून रवलंय नाय. मी कुडाळचो, मिहानात नोकरीक आसंय, चार वर्षां झाली. हयसर मालवणी बोलूक कोण गावना नाय, आवशीक फोन लावलंय तर तेवढाच. तुमी 'गो' बद्दल लिवलास तां घरातल्या सगळ्यांक वाचून दाखवलंय. माझी आवस पण नर्सच होती. रविवारी येव काय तुमच्याकडे?

अजनीकर

अरे येच! विचारतोस काय. पोहे आणि तर्री करून ठेवते. फक्त एक अट, माझ्याशी प्रमाण मराठीत बोलायचं नाही.

मिहानातलो_कुडाळकर

येतंय. सोलकढी घेवन येतंय. आगळ गावाक्कडचां आसा, नारळ तेवढो हयसरलो.

पोळी_भाजी_डबा

नारळ गोकुळपेठ बाजारातून घ्या हो, चांगला असतो. हलवून बघून घ्या.