सेन्सरचा लाईट लागतोय, तरी शटर थांबलं नाही

दळणाचा_डबा

नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. खाली पार्किंग, वर घर, दार उत्तरेला. दोन वर्षांमागं पार्किंगला मोटरचं रोलिंग शटर बसवलं, १० फूट रुंद आणि ८ फूट उंच. आधीचं ओढायचं होतं, पण सासऱ्यांचा खांदा धरला म्हणून मोटर घेतली.

परवा संध्याकाळी साडेसहाची गोष्ट. सासरे गच्चीवर झाडांना पाणी घालत होते. पार्किंगमध्ये कुत्री येऊन बसतात म्हणून त्यांनी वरूनच रिमोट दाबला. आमचा धाकटा, वय वर्षं ५, गल्लीत क्रिकेट खेळत होता. चेंडू आत गाडीखाली गेलेला. शटर अर्ध्याच्या खाली आलं होतं, तरी हा पालथा पडून सरपटत आत गेला आणि चेंडू घेऊन तसाच बाहेर यायला लागला. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात दळणाचा डबा. ओरडायचं होतं, पण घशातून आवाजच फुटला नाही.

पोरगं बाहेर आलं. एक चप्पल राहिली, बरोबर पट्टीखाली. शटर तिच्यावर टेकलं आणि तरीही मोटर घरघरतच होती. वरच्या पट्ट्या एकमेकींवर बसायला लागल्या, मग कुठं थांबलं. वर गेलंच नाही. चप्पल काढली तर टाचेवर पट्टीची सरळ रेघ उमटलेली.

आता प्रश्न. मधे काही आलं की शटर थांबवणारे सेन्सर दोन्ही बाजूंना आहेत, बिलात लिहिलेत, लाईटही लागतो. मग थांबलं का नाही? बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, पोरांवर लक्ष ठेवा." आमचे हे म्हणतात शटरच काढून टाकू, सासरे म्हणतात पोराला शिस्त लावा. मला घरात भांडण नकोय, शटर थांबायला पाहिजे.

शेंगा_चटणी

काय करलालाव बे तुम्ही लोक, शटरला मोटर! जुनं ओढायचं शटर बसवा परत. आमच्या दुकानाला वडिलांच्या काळापासून तेच आहे, ना लाईटची भानगड ना रिमोटची.

जॉबर_निवृत्त

ताई, पोरगं सुखरूप आहे ना, मग बाकीचं सगळं दुरुस्त होतं.

मी आधी यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो, आता पोराबरोबर शटरची कामं करतो. तुमचं वाचून माझा अंदाज असा. एक, सेन्सर उंच बसवलाय. दोन, त्याची वायर मोटरच्या बोर्डावर जोडलेली नाही, किंवा मधे जंपर मारलाय, म्हणजे वायरचा तुकडा लावून सेन्सर टाळलाय. लाईट लागतो म्हणजे सेन्सरला करंट मिळतोय, एवढंच. त्याचं म्हणणं बोर्ड ऐकतंय का, हे लाईटवरून कळत नाही.

असं बघा. पोरांना वर पाठवा. एकानं भिंतीवरच्या स्टॉपच्या बटणावर बोट ठेवून उभं राहायचं. शटर खाली सोडायचं आणि ते अर्ध्यावर यायच्या आत झाडूचा दांडा लांबूनच सेन्सरच्या समोर आडवा धरायचा. शटर थांबून वर गेलं पाहिजे. नाही गेलं तर स्टॉप दाबा आणि त्या दिवसापासून रिमोट कपाटात. मग टेपनं मोजा, जमिनीपासून सेन्सर किती उंच आहे ते. आणि दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोनदा करा. का ते नंतर सांगतो.

जिन्यावरनं, गच्चीवरनं बटण दाबणं मात्र आजपासून बंद. १० बाय ८ चं लोखंडी शटर शंभरेक किलोच्या घरात जातं. ते खाली येताना मोटर फक्त त्याला सोडत असते, वजन त्याचं स्वतःचंच.

शेंगाचटणीवाले दादा, ओढायचं शटर गरीब दिसतं, पण तसं नाही. वरच्या पाईपात स्प्रिंग असते, शटरचं बरंचसं ओझं तीच पेलते. ती बसली किंवा तुटली की शटर हातातून सुटून दाणकन् खाली येतं. तुमचं शटर अर्ध्यावर सोडलं की आपोआप घसरतंय का, आजच बघा. आणि ती स्प्रिंग स्वतः खोलू नका. पीळ भरलेली असते, पान्ह्यासकट हात फिरवते. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे.

भाऊ_टेक्सासात

अमेरिकेत हे फार कडक आहे. भावाकडं गेलो होतो तेव्हा त्याच्या गॅरेजचं दार बघितलं. तिकडं शटर गुंडाळत नाहीत, मोठ्या फळ्यांचं दार छताखाली सरकून आडवं होतं. पूर्वी त्या दारांखाली लहान मुलं सापडून गेली, म्हणून १९९० मध्ये तिथल्या संसदेनं कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती मोटरला दार अडकलं की उलटं फिरायची सोय आणि शिवाय सेन्सर किंवा तसं दुसरं काही सक्तीचं झालं. सेन्सर जमिनीपासून ६ इंचांच्या वर नको, भिंतीवरचं बटण किमान ५ फुटांवर, म्हणजे पोरांचा हात पोचत नाही.

भाऊ महिन्यातून एकदा दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी फळी आडवी ठेवतो. दार फळीला टेकलं की दोन सेकंदांत उलटं फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर मोटर वापरायची नाही. ताई, तुम्ही पण फळी ठेवून बघा.

जॉबर_निवृत्त

भाऊ, माहिती झकास, पण ताईंनी फळी ठेवू नये. तिकडची मोटर दार अडल्याचं ओळखते. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या शटर मोटरींना वर-खालची लिमिट तेवढी कळते. फळी आली काय, चप्पल आली काय, मोटर पट्ट्या सोडतच राहते. मग पट्ट्या बाजूच्या चॅनलमध्ये तिरक्या होऊन अडकतात आणि खर्च वेगळा. अडकलं की उलटं फिरायला पाहिजे असेल तर खालच्या पट्टीला सेफ्टी एज लागते, रबराची, दाबली गेली की बोर्डाला कळवणारी. ती असेल तर फळीऐवजी पुठ्ठ्याचं खोकं ठेवून बघायचं.

६ इंचांचं मात्र खरं आहे. हितं बसवणारे सेन्सर गाडीच्या बंपरला लावून मोजतात, पोराला लावून नाही.

अंगणवाडी_मागची_गल्ली

अजून एक. शटर वर जाताना पोरं खालची पट्टी धरून लोंबकळतात. आमच्या गल्लीत हा खेळच झालाय. बोटं पट्ट्यांच्या फटीत जातात. दुपट्टा किंवा पदर गुंडाळीत गेला तर विचारूच नका. आणि लाईट गेल्यावर शटर बंद ठेवून आत जनरेटर किंवा गाडी चालू ठेवू नका. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईड ह्या विषारी वायूला वास नसतो.

दळणाचा_डबा

काका, तुम्ही म्हणालात तसंच सगळं केलं. आधी दुपारी. झाडूचा दांडा धरला, शटर ढिम्म. स्टॉप दाबला. टेप लावला तर सेन्सर २ फूट ४ इंचांवर. धाकट्याला जमिनीवर पालथं झोपवलं (शटर पूर्ण वर आणि मेन स्विच बंद करून), तर त्याच्या पाठीच्या वर दीड फुटाहून जास्त मोकळं.

मग इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्डाचं झाकण उघडलं. सेन्सरच्या दोन टर्मिनलमध्ये निळ्या वायरचा इंचभर तुकडा. जंपर!

बसवणाऱ्याला पुन्हा फोन. आधी "असं कसं होईल", मग "माझ्या पोरानं केलं असेल", आणि शेवटी खरं बाहेर आलं. पहिल्या मे महिन्यात शटर रोज संध्याकाळी बंदच होत नव्हतं, अर्ध्यावर जाऊन परत वर यायचं. आम्हीच चार वेळा तक्रार केली होती. पाचव्यांदा त्यानं येऊन "ठीक केलं" आणि आम्ही त्याला चहा पाजला.

जॉबर_निवृत्त

म्हणूनच संध्याकाळी बघा म्हणालो होतो. तुमचं दार उत्तरेला. उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणजे तिरपं ऊन दारातून आत शिरतं. सेन्सरच्या जोडीत एक किरण सोडतो, दुसरा घेतो. घेणारा पूर्वेच्या बाजूला असणार, तोंड पश्चिमेला. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन सरळ त्याच्या डोळ्यात. तो आंधळा होतो, बोर्डाला वाटतं मधे काहीतरी आहे, शटर वर. सेन्सर बरोबर होता ओ ताई, त्याची जागा चुकली होती.

मागावर पण हेच बघितलंय. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की माग आपोआप थांबतो, ती सोय असते. ती नीट लावलेली नसली तर उगाच सारखी थांबवते. मग कंटाळलेला कामगार ती बांधूनच ठेवायचा. माग दिवसभर धडाधड चालायचा आणि पाळी संपताना वारभर टॉवेल बाद निघायचा.

दोघांची अदलाबदल करा. घेणारा पश्चिमेच्या खांबावर, तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन येतं का तिकडनं?

दळणाचा_डबा

नाही, पूर्वेला शेजारच्यांची तीन मजली इमारत आहे. एरवी तिच्यामुळं कपडे वाळत नाहीत म्हणून मी रोज बोटं मोडते.

झालं काम. सेन्सर ५ इंचांवर घेतले, अदलाबदल केली, घेणाऱ्याच्या तोंडाला पीव्हीसी पाईपचा चार इंचांचा तुकडा टोपीसारखा बसवला. जंपर काढला, तो निळा तुकडा मी फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, ह्यांना दिसेल असा. काल आणि आज साडेसहाला बघितलं, दांडा धरला की शटर थांबतं आणि वर जातं. खाली असल्यामुळं धूळ बसते, म्हणून दर शनिवारी कोरड्या फडक्यानं पुसायचं थोरल्याकडं दिलंय. सेफ्टी एज पुढच्या महिन्यात. भिंतीवरचं बटण पण वर घेतलं.

एकच राहिलंय. सासरे म्हणतात, "शटर आता सुधारलंय, मग मी गच्चीवरनं दाबलं तर काय बिघडलं? खालीच यायचं असेल तर रिमोट कशाला घेतला?" ह्याच्यावर काय करू?

जॉबर_निवृत्त

त्यावर सेन्सर निघालेला नाही ताई. रिमोटचा सेल काढून ठेवा.