मदत हवी आहे : इतिहास मंडळाची व्याख्यानं आणि सहली यांची सांगड कशी घालावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या स्थानिक इतिहास मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमांची जबाबदारी यंदा माझ्याकडे आली आहे. दर महिन्याला एक व्याख्यान आणि वर्षात तीन सहली, अशी पद्धत. व्याख्यानांना खुर्च्या भरतात, पण सहलीला निम्मेच येतात. शिवाय ऐकलेलं आणि समोर दिसणारं यांचा मेळ बसत नाही.

मागच्या सहलीत आम्ही एका झिजलेल्या शिलालेखासमोर उभे होतो. भर दुपारी दगड सपाट दिसत होता, एक अक्षर लागेना. एका उत्साही सदस्यांनी अक्षरांवरून फिरवायला खडू काढला. त्यांना वेळीच थांबवलं, कारण त्याने दगडाला इजा होते आणि चुकीचं वाचन पुढच्यांच्या माथी बसतं. मग दोघांनी चादर धरून सावली केली, तिसऱ्याने बाजूने तिरपा टॉर्च मारला आणि ओळी उठून दिसल्या! सगळे गुडघे टेकून वाचायला लागले. असं काहीतरी प्रत्येक सहलीत घडावं, अशी मनापासून इच्छा आहे.

अशी मंडळं चालवणाऱ्यांनी कृपया सांगावं: आधी व्याख्यान ठेवता की आधी सहल? एका मार्गदर्शकामागे किती माणसं? आणि ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करताना लेखी संमती कशी घेता? नमुना मिळाला तर फार उपकार होतील. आमचे दोन सदस्य नव्वदीला टेकलेत, त्यामुळे हे काम मला सगळ्यात आधी हाती घ्यायचं आहे.