लंडन ते पॅरिस: नक्की किती वेळ धरायचा?

घोडबंदर रोड, ठाणे: आईबाबांना घेऊन लंडनहून पॅरिसला जायचंय. विमान सव्वा तासाचं म्हणतात, तिकिटावरच्या वेळांत सव्वादोन तास दिसतात. असं का?

ऐरोली: पॅरिसचं घड्याळ १ तास पुढे. परतीच्या तिकिटावर उलट पंधराच मिनिटं दिसतील! हवाई अंतर जेमतेम ३४५ किमी, पण हीथ्रो विमानतळ गाठणं, तपासणी, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाहून लोकलने शहरात येणं धरलं तर अर्धा दिवस गेलाच.

वाशी: युरोस्टार रेल्वे घ्या. सुमारे २ तास २० मिनिटं, दोन्ही स्टेशनं शहरातच. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, म्हणून दीड तास आधी पोचा. आणि हो, ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिस चालत नाही. शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) वेगळा काढा.