नवापूर आठवतंय का?

बर्ड फ्लूच्या भीतीने 'चिकन-अंडी महिनाभर बंद' असा सल्ला फिरतोय, त्यावर हे. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमधली बर्ड फ्लूची देशातली पहिली साथ आली, लाखो पक्षी मारून पुरले, तरी तेव्हा माणसात एकही लागण सिद्ध झाली नाही. विषाणू ७० अंशांना मरतो. आपला रस्सा तर रटरटा उकळतो. (हाफ-फ्राय मात्र साथीत नकोच.) खरा धोका आजारी कोंबडी हाताळताना, पिसं काढताना, खुराडं झाडताना.

पण 'माणसाला होतच नाही' हेही चूक. २०२१मध्ये हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूनेच गेला. माणसाकडून माणसाला तो सहज पसरत नाही, एवढाच दिलासा. परसात कोंबड्या पटापट मेल्या तर उकिरड्यावर फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.