मदत हवी आहे: पांडासमध्ये (पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी) इंडेक्सचे महिने एप्रिल ते मार्च कसे लावायचे?

मंडळी, इंदूरच्या सियागंज, छावनीतल्या दुकानांच्या विक्रीचा डेटाफ्रेम (पांडासमधला तक्ता) आहे, इंडेक्स (ओळींची नावं) दोन लेव्हलचा, आधी एरिया मग महिना, महिन्यांची नावं इंग्रजीत. सॉर्ट_इंडेक्स (इंडेक्सप्रमाणे ओळी क्रमाने लावणं) केलं की एरिया बरोबर लागतो पण महिने एबीसीडीने, म्हणजे एप्रिलनंतर थेट ऑगस्ट मग डिसेंबर, आणि सीए साहेबांना हवंय एप्रिल ते मार्च!

सॉर्ट_इंडेक्सच्या की= मध्ये क्रम ठरवणारं फंक्शन देऊन पाहिलं तर टाइपएरर, कारण ऑफिसच्या मशीनवर पांडास १.०.५ आहे आणि की= हे १.१ पासून आलंय, अपडेट करायची परवानगी नाही. महिने कॅटेगोरिकल (स्वतःचा क्रम देता येणारा प्रकार) पण केले, पण दर फाइलमध्ये महिने वेगवेगळे, फाइली कॉन्कॅट केल्या (एकत्र जोडल्या) की परत साधं टेक्स्ट. महिना नंबरचा जादा कॉलम नकोय, एक्सेलमध्ये दिसतो.

तर कॉन्कॅट झाल्यावर, एरियाचा क्रम न हलवता, फक्त दुसरी लेव्हल माझ्या क्रमाने कशी लावू?