गंजलेली महिंद्रा एमएम ५४० जीप उभी करून हिमाचलात स्पितीला न्यायची आहे, बजेट दीड लाख. सल्ला हवा

कोयनाकाठ
मंडळी, वडिलांची १९९१ची एमएम ५४०, फोर बाय फोर डिझेल, पाटण तालुक्यात हेळवाकजवळ शेडमध्ये कित्येक वर्षं उभी आहे. इंजिन हाताने फिरतंय, जाम नाही. दोन्ही बाजूंचा मजला गेलाय, बॅटरीखालचा पत्रा गेलाय, मागच्या पाट्या (स्प्रिंग) जिथे अडकतात त्या हँगरपाशी चासीचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे, पापुद्रे निघतायत. कागद वडिलांच्या नावावर, पासिंग संपलेलं. दीड लाखाच्या वर एक रुपया नाही. येत्या जूनमध्ये मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून काझाला जायचंय. सुरुवात कुठून करू? गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो.

मिरजेचा_रांगडा
पहिलं डीआय (डायरेक्ट इंजेक्शनचं) इंजिन टाक भावा. तुझं ते २११२ सीसीचं प्यूजो एक्सडीपी इंजिन आता कोण बांधणार? माझ्या ५४०ला डीआय बसवलंय, चार माणसं आणि सामान घेऊन कुंभार्ली घाट तिसऱ्या गिअरवर चढते. अडीच लाखाच्या वर गेले, पण एकदाच काय ते.

जिप्सी_वाई
दीड लाख त्या गंजात घालण्यापेक्षा मारुतीची जिप्सी बघा. १९९६नंतरची १३०० सीसीची, पेट्रोल. वजन हजार किलोच्या आसपास, चिखलात जिथे जीप रुतते तिथून माझी निघून जाते. आमच्या ग्रुपला विचारा हवं तर.

कोयनाकाठ
दादा, चांगली जिप्सी दीड लाखात मिळत नाही. आणि विकायची नाही म्हटलंय.

कुपवाडचा_वेल्डर
इंजिन, टायर, रंग सगळं बाजूला ठेवा. मी चासी-पत्र्याचंच काम करतो म्हणून सांगतो.

तारेचा ब्रश मारा आणि छोट्या हातोडीने चासी इंचाइंचाने ठोका. टणक आवाज आला तर लोखंड आहे, बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा. स्क्रू ड्रायव्हर दाबून आत गेला तर तो भाग कापायचाच. हँगर, बॉडी माउंट, मागचा आडवा मेंबर आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा, या चार ठिकाणी जास्त वेळ द्या. जिथे चासी चारी बाजूंनी बंद आहे तिथे ती आतून सडते. बाहेरून रंग शाबूत दिसतो.

कापायच्या आधी चासीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर लिहून ठेवा. गाडी पाट्यांवर लोंबकळत असताना चासी कापू नका, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) सपाट घ्या. नाहीतर वेल्ड झाल्यावर गाडी कायम एका बाजूला ओढते. पट्टी चांगल्या लोखंडापर्यंत न्या आणि तिची टोकं तिरकी कापा. चासीला आडवा सरळ वेल्ड बसला की पुढची चीर तिथूनच जाते. मजल्याच्या पत्र्याला सीओटू वेल्डिंग, आर्कने पातळ पत्रा जळतो. काम सुरू करण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सोडवा, डिझेलची टाकी उतरवा.

चासीला सँडब्लास्ट चालेल. बॉडीच्या पत्र्याला जोरात मारलं तर पत्रा लाटा धरतो. ब्लास्ट झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, रात्रभर उघडं ठेवलं तर तुमच्या पाटणच्या हवेत सकाळी परत तांबूस दिसेल. हे सगळं मे संपायच्या आत उरका.

वाटसरू_कराड
यांचं ऐका. मला एका गॅरेजवाल्याने गंजावर लांबी (पुट्टी) भरून, वर चकाचक रंग मारून गाडी दिली. एका पावसाळ्यात फुगे आले, बोट लावलं की खाली भोक. पैसे परत मागितले तर उचललेला फोनसुद्धा ठेवून दिला. लांबी भरायच्या आधी पत्रा उघडा असताना फोटो मागा, नाही दिले तर गाडी तिथून उचला.

आटपाडीकर
इतका खटाटोप कशाला? कोयनानगरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे पाचशेच्या आसपास. आटपाडी-जत भागातली जुनी चासी कोरडी खडखडीत असते. एक बघा आणि बॉडी त्यावर चढवा. मी पाहून देतो.

आरटीओ_कामं_सातारा
आटपाडीकर, असं सांगू नका. चासी बदलली की नंबर बदलला, मग आरसीवरची गाडी ती राहतच नाही. कोयनाकाठ, वेल्डरला पहिल्याच दिवशी चासी नंबराची जागा दाखवा आणि तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. पासिंगला पेन्सिलने त्याचाच ठसा घेतात. गंजाने अंक पुसट झाले असतील तर काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

रांगडा दादांनी डीआयची परवानगी घेतली असेल असं धरतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनासारखा बदल चालत नाही. इंजिन बदलायचं तर परवानगी आधी. अपघात झाला की विमावाला पहिलं हेच काढतो.

खर्चात हेही धरा: २०२५पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी दहा हजार आहे. वर पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, विमा.

मिरजेचा_रांगडा
माझे कागद माझे मी बघतो. आरसीवर इंजिन चढवून घेतलंय. प्रश्न गाडीचा चाललाय.

फौजी_अपशिंगे
लडाखात नोकरीत असताना अशा गाड्या चालवल्या आहेत. चासीचं वर सांगितलं तेच बरोबर. त्यानंतर ब्रेक. जुने पाइप, होज, व्हील सिलिंडर सगळे नवे, मास्टर सिलिंडर उघडून बघा, ऑइल पूर्ण काढा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. उतारावर ड्रम तापले की ते पाणी उकळतं आणि पेडल खाली जातं. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरा.

कुंझुम साडेचार हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सहा दशांश, बिनटर्बोचं डिझेल इंजिन काळा धूर सोडणार आणि दम टाकणार. त्याला घाबरू नका, ओझं कमी ठेवा. पाणी तिथे ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून रेडिएटरचं झाकण दाब धरणारं हवं. तुमच्या इंजिनाला हीटर प्लग आहेत, चारही तपासा. काझाला पहाटे एक जरी मेला असेल तरी स्टार्टर बॅटरी संपवेल. हबमध्ये नवं ग्रीस, शाफ्टचे क्रॉस आणि पुढच्या चाकांच्या किंगपिनची बेअरिंग हलवून बघा.

आणि दिल्लीतून जाऊ नका. दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिथे बंदीचे आदेश आहेत. राजस्थानातून हिसार, पंजाब असं चढा. साताऱ्याहून मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर पडतं.

जिप्सी_वाई
म्हणूनच पेट्रोल म्हटलं. टायर तरी ३१ इंची टाका, दिसते पण आणि चढते पण. तयार झाली की कासच्या सड्यावर आणा, टेस्ट करू.

चाफळची_वाट
कासच्या सड्यावर गाडी घालायची नाही. कासचं पठार २०१२पासून जागतिक वारसा आहे, आणि नसतं तरी घालायची नव्हती. खडकावर बोटभर माती असते, त्यात ती फुलं उगवतात. एकदा चाक फिरलं की तिथली माती पावसात वाहून जाते. मी दरवर्षी जाते आणि जुन्या चाकोऱ्या अजून तशाच उघड्या पाहते. चढ-उतार बघायचा असेल तर मालकाला विचारून बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जा.

आटपाडीकर
ताईंचं बरोबर आहे. ३१ इंचीने गिअरिंग लांबतं, आधीच दम कमी. मूळ मापाचे टायर ठेवा. चासीचं मात्र मी अजून म्हणतो.

कोयनाकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी दिवसभर चासी ठोकून बघितली. डावा हँगर आणि मागचा मेंबर गेलाय, बाकी टणक आहे. नंबर स्वच्छ वाचता येतो.

ठरवलं ते सांगतो. इंजिन तेच ठेवतोय. वडिलांनी त्यावर ऊस वाहिलाय, माणसं दवाखान्यात नेलीयत, ते मी बदलणार नाही. चासी आधी आणि त्यानंतर ब्रेक, निम्म्याहून जास्त पैसे तिथेच जातील. रंग अजिबात नाही, बॉडीला नुसता प्रायमर. टायर मूळ मापाचे. स्पिती जूनमध्ये नाही, सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तोवर नाल्यांचं पाणी उतरतं. आणि मधला पावसाळा गाडी शेडमध्ये न ठेवता रोज पाटण-हेळवाक चालवणार, जे तुटायचं ते घराजवळ तुटू दे.

कुपवाडचे दादा, पुढच्या आठवड्यात टेम्पोत घालून आणतो. कोणाकडे एक्सडीपीचा जुना सिलिंडर हेड पडून असेल तर सांगा, रोख देतो.

कुपवाडचा_वेल्डर
आणा. प्रायमरवर पावसाळा काढू नका, प्रायमर पाणी पितो. निदान खालून आणि मजल्याला एक हात रंग द्याच, रंगाचे पैसे मी धरत नाही.

मिरजेचा_रांगडा
हेड आहे माझ्याकडे, डीआय टाकल्यापासून पडूनच आहे. घेऊन जा. पण डीआयचा विचार कर अजून.