शब्दचर्चा : ‘क्रूप’ला मराठीत काय म्हणावं?

लेखणी

लहान मुलांच्या पालकांसाठी एका माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. विषय आहे क्रूप. एकदोन दिवस साधी सर्दी, थोडा ताप, आणि मग बहुधा मध्यरात्री मूल दचकून उठतं. आवाज बसलेला, खोकला कुत्रा भुंकावा तसा, आणि श्वास आत ओढताना घशातून आवाज. सहा महिने ते तीन वर्षं या वयात जास्त दिसतो.

‘श्वानखोकला’, ‘भुंकरा खोकला’ आणि ‘स्वरयंत्र-श्वासनलिकादाह’ असे तीन शब्द लिहून ठेवलेत. एकही मनापासून पटत नाही. हे पत्रक कुणीतरी रात्री दोन वाजता, मूल मांडीवर घेऊन, मोबाइलच्या उजेडात वाचणार आहे. ते डोळ्यांसमोर ठेवून सुचवा. आणि लक्षणांत ‘घरघर’ लिहू का?

कोशवाचक

‘श्वानखोकला’ नकोच. हिंदीत ‘कूकर खाँसी’ म्हणजे आपला डांग्या खोकला. दोन्ही भाषा कानावर पडणारा वाचक लगेच तिकडे जाईल, आणि ते दोन आजार अगदी वेगळे. डांग्या खोकल्यात खोकल्याची उबळ थांबता थांबत नाही, आणि उबळ संपताना हूऽप असा श्वास आत ओढला जातो. तो आठवडेच्या आठवडे चालतो. क्रूपचा भुंकता खोकला बहुतेक मुलांत दोन-तीन दिवसांत ओसरतो.

मूळ शब्दही आवाजावरूनच आलाय. स्कॉटलंडच्या बोलीत घोगऱ्या आवाजात ओरडण्याला ‘क्रूप’ म्हणत. एडिंबरोचे वैद्य फ्रान्सिस होम यांनी १७६५ साली या आजारावर पुस्तक लिहिलं आणि बोलीतला शब्द वैद्यकात आला. पण तेव्हा त्याच नावाखाली घटसर्पही मोडत असे. १८२६ मध्ये फ्रान्समध्ये ब्रतोनो यांनी घशात चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या आजाराला ग्रीक ‘चामडं’ या शब्दावरून वेगळं नाव दिलं, तेच आजचं डिप्थीरिया. पुढे बराच काळ ‘खरा क्रूप’ म्हणजे घटसर्प आणि ‘खोटा क्रूप’ म्हणजे हा, अशी विभागणी चालली. जर्मन भाषेत अजूनही याला खोटा क्रूपच म्हणतात. तेव्हा एखाद्या जुन्या कोशात क्रूपसमोर ‘घटसर्प’ दिसला तर तो उचलू नका. घटसर्प जिवाणूमुळे होतो आणि त्याची लस त्रिगुणीत आहे. क्रूप विषाणूमुळे होतो, बहुतेक वेळा पॅराइन्फ्लुएन्झामुळे. शिवाय पशुपालकांच्या बोलण्यात घटसर्प म्हणजे गाईम्हशींचा तिसराच आजार!

पानगळ

‘स्वरयंत्र-श्वासनलिकादाह’ रात्री दोन वाजता कोण वाचेल? आणि ‘दाह’ म्हटलं की डोळ्यांसमोर आग होणं येतं. घसा जळतोय असं वाटून घरात थंड काहीतरी शोधायला लागतील. सरळ ‘सूज’ म्हणा. ‘आवाजाच्या पेटीखाली सूज’ हे कुणालाही कळेल.

मुलांचा डॉक्टर

पानगळ यांच्याशी सहमत. सूज हाच यातला कळीचा शब्द आहे. आवाजाच्या पेटीखाली कूर्चेचं एक पूर्ण कडं असतं, ते बाहेरच्या बाजूला ताणलं जात नाही. त्यामुळे सूज आली की ती आतल्या वाटेवरच येते. बाळाची ती वाट चार मिलिमीटर रुंद धरली आणि चारी बाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, तर रुंदी उरते दोन मिलिमीटर, म्हणजे हवेसाठी पाव जागा. हवा संथ वाहते असं धरलं तर श्वास ओढायला सोळापट जोर लागतो. मोठ्या माणसाचा तेवढ्याच सुजेने फक्त आवाज बसतो.

आता ‘घरघर’. तो लिहू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक म्हणजे ‘घरघर लागणे’ याचा आपल्याकडे काय अर्थ होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आजारी मुलाच्या आईला तो शब्द छापील दाखवायचा? दुसरं म्हणजे त्यातून काहीच नेमकं कळत नाही. नाक चोंदलं तरी घरघर, छातीत कफ असला तरी घरघर, दम्याला पण घरघर. मला फोनवर एकच गोष्ट हवी असते : आवाज श्वास आत घेताना येतो की बाहेर सोडताना? दम्यासारख्या त्रासात बारीक शिट्टी वाजते ती मुख्यतः बाहेर सोडताना, कारण अडचण छातीत खोल असते. क्रूपमध्ये आवाज आत घेताना, कारण अडचण गळ्यात. मराठीत या दोन्हींना वेगळे नामशब्द रूढ नाहीत, पण वाक्य आहे ना. ‘श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो’, एवढं वाक्य छापा.

कोशवाचक

त्या आत घेतानाच्या आवाजाला ‘श्वासघोष’ म्हणता येईल का? त्यासाठीचा इंग्रजीतला शब्द ‘स्ट्रायडर’ लॅटिनमधून आलेला, अर्थ करकर, कर्कश आवाज.

पानगळ

व्याकरणात ‘घोष’ म्हणजे स्वरतंतूंच्या कंपनातून येणारा नाद, ग-ज-ड मधला. इथे आवाज येतो तंतूंच्या खालच्या अरुंद जागेतून. परिभाषेत गोंधळ होईल. आणि ‘घोष’ला मंगल छटा आहे, जयघोष, मंत्रघोष. नको.

कोशवाचक

पटलं. मागे घेतो.

बाळाची आई

मी अनुभवाने सांगते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना हे झालं. मला कुणी ‘भुंकल्यासारखा खोकला’ एवढं आधी सांगितलं असतं तर पहिल्याच ढासेला ओळखलं असतं, कारण तो आवाज खरोखर दुसऱ्या कशासारखाच नसतो. नाव काय ते मला नंतर कळलं आणि त्याने काही बिघडलं नाही.

पण एका शब्दाने बिघडलं, आणि तो तुमच्या पत्रकात येणार म्हणून लिहिते आहे : ‘वाफ’. फोनवर मला सांगितलं, दवाखान्यात आणा, वाफ द्यावी लागेल. मी ऐकलं ‘वाफ द्या’ आणि गरम पाण्याचं भांडं मांडून बसले. मूल रडतंय, हात मारतंय, पाणी हिंदकळतंय. त्यांना म्हणायचं होतं मशीनमधलं औषध. पाणी सांडलं नाही, पण तो अर्धा तास वाया गेला याची रुखरुख अजून आहे.

मुलांचा डॉक्टर

ताई, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं. ही चूक आम्ही डॉक्टर रोज करतो. नेब्युलायझरलाही ‘वाफ’, पातेल्यालाही ‘वाफ’. नेब्युलायझरमध्ये वाफ नसतेच, ते औषधाचे बारीक तुषार असतात आणि गरम नसतात. क्रूपमध्ये त्यातून ॲड्रेनलिन देतात, त्रास मध्यम किंवा जास्त असेल तेव्हा. दहा ते तीस मिनिटांत सूज उतरते, पण साधारण दोन तासांत त्याचा असर संपतो, म्हणून मुलाला लगेच घरी सोडत नाहीत, काही तास नजरेखाली ठेवतात. गरम पाण्याच्या वाफेचा क्रूपमध्ये उपयोग झाल्याचं दिसलेलं नाही आणि भाजण्याचा धोका खरा आहे. पत्रकात ‘मशीनने औषधाचा फवारा’ लिहा आणि ‘वाफ’ हा शब्द फक्त ‘गरम पाण्याची वाफ देऊ नका’ या वाक्यात येऊ द्या.

गार हवेचं मात्र वेगळं. खिडकीपाशी किंवा बाहेरच्या गार हवेत नेलं की मुलाला बरं वाटतं, हे पालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जिनिव्हातल्या एका चाचणीत अर्धा तास बाहेरच्या थंड हवेत बसवलेल्या मुलांना, सौम्य ते मध्यम त्रासात, खरोखर लवकर आराम पडला. सगळ्यांनाच औषधही दिलेलं होतं, तेव्हा ‘औषधाऐवजी’ असं कुठे लिहू नका.

लेखणी

मुख्य औषध डेक्सामेथासोन. मूळ मजकुरात ‘स्टेरॉइड’ आहे. तोच ठेवू की टाळू? ऐकूनच लोक घाबरतात.

मुलांचा डॉक्टर

ठेवा. लपवलंत आणि चिठ्ठीवर दिसलं तर विश्वास जाईल. शेजारी ‘एकदाच’ हा शब्द ठेवा, भीती त्यानेच जाते. बहुतेक मुलांना तोंडाने, वजनाप्रमाणे, एकच मात्रा पुरते. दोनेक तासांत फरक दिसू लागतो. सौम्य क्रूपमध्येही ती उपयोगी आहे. अँटिबायोटिक नको, कारण आजार विषाणूचा, आणि खोकल्याचं सिरपही नको. ‘घशाला औषध’ असं मोघम मात्र लिहू नका, नाहीतर घरातलं सिरप बाहेर निघेल.

पानगळ

मला ‘शांत’ या शब्दाची शंका आहे. ‘बाळाला शांत ठेवा’ हे बरोबर आहे, रडलं की श्वास जास्त अडतो. पण पुढे ‘बाळ शांत झाले तर काळजी नको’ असं वाक्य आलं तर?

मुलांचा डॉक्टर

ते वाक्य जिवावर बेतेल. दमून गेलेलं मूलही गप्प होतं आणि श्वासाचा आवाजही मंदावतो. दोन शब्द वेगळे ठेवा. मांडीवर ताठ बसलंय, नजर तुमच्याकडे आहे, घोट घोट दूध घेतंय, ते ‘शांत’. हाक मारली तरी मान टाकून पडलंय ते ‘निपचित’. मराठीत इतका नेमका शब्द असताना दुसरा का घ्यावा? निपचित पडलं, स्वस्थ बसलेलं असतानाही आत घेताना आवाज येतोय, बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली दर श्वासाला खळगा पडतोय, ओठ निळे पडलेत, पाणीही गिळता येत नाही, यातलं काहीही असेल तर थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा किंवा दवाखाना गाठा.

लाळेचंही लिहा, पण ‘लाळ गळते’ एवढंच नको, ती दात येताना सगळ्याच बाळांची गळते. ‘गिळता येत नाही म्हणून लाळ गळते’ असं लिहा. सोबत खूप ताप, खोकला नाही, मूल पुढे झुकून बसलंय, तर तो क्रूप नसून स्वरयंत्राच्या झाकणाची सूज असू शकते. ‘हिब’ या जिवाणूवरच्या लसीमुळे ती विरळ झाली, पण संपलेली नाही. अशा मुलाच्या घशात चमचा घालून बघायचं नाही, आडवं निजवायचं नाही. आणि सर्दी-ताप काही नसताना खेळता-खाताना एकदम आवाज सुरू झाला, तर काहीतरी अडकलंय असं धरून चाला.

लेखणी

मग असं केलं आहे. शीर्षक : ‘क्रूप : भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना आवाज’. ‘क्रूप’ तसाच ठेवला, कारण दवाखान्यात तोच कानावर पडेल. ‘भुंकरा’ काढला. ‘घरघर’ आणि ‘दाह’ काढले. ‘वाफ’ एकाच ठिकाणी, नकारार्थी.

एक अडलंय. ‘ओठ निळे पडणे’. सावळ्या बाळाच्या ओठांवर निळं दिसेल का? ‘काळेनिळे’ म्हटलं तर मार लागल्यासारखं वाटतं.

बाळाची आई

आम्हाला दवाखान्यात जीभ आणि हिरड्या बघायला सांगितलं होतं. तिथे रंग कळतो.

मुलांचा डॉक्टर

बरोबर. ‘जीभ किंवा हिरड्या निळसर, राखाडी दिसणे’ असं लिहा. आणि त्याच्या आधी, वेगळ्या ओळीत : ‘रंग बदलायची वाट पाहू नका.’ तो बदल फार उशिरा दिसतो.